माझ्या तोंडावर ठोकलेली फळी

मित्रांनो, मी बुडापेस्टच्या एका नाटकघरातली जुनी लाकडी पेटी आहे. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, प्रेक्षकांकडे पाठ करून बसले आहे. माझ्या पोटात बसून प्रॉम्प्टर नटांना विसरलेले शब्द पुरवायचा. माझं तोंड आता बंद आहे, पण राग काही आवरत नाही.

सुताराने मला बनवलं त्याच वर्षी वेंकेई देझो इथे आला. काटकुळा पोरगा, काम काय, तर वेटर होऊन सूप आणायचं. पहिल्याच प्रयोगात त्याने ते सूप नायकाच्या मांडीवर सांडलं आणि नाटकघर हसून लोळलं. पुढे तो शहराचा लाडका देझोबाची झाला, म्हणजे देझोकाका. प्रॉम्प्टर म्हणून माझ्यात एत्का बसायची. पोगाचा, म्हणजे आमच्याकडची छोटी खारी पावबिस्किटं, खाऊन खारे कण माझ्यात सांडायची, पण शब्द कधी चुकवला नाही.

म्हातारपणी देझोबाची विसरू लागला. लोकांना वाटे, हीही गंमतच. मालक साल्कई खूश.

"एत्का, उद्यापासून येऊ नकोस. तो अडखळला की लोक जास्त हसतात."

"साहेब, तो सोंग नाही करत हो! खरंच विसरतो!"

"मग तर फारच छान!"

आणि त्या मेल्याने माझ्या तोंडावर फळी ठोकली.

दुसऱ्या रात्री देझोबाची अडला. वाकून फळीवर टकटक करू लागला. "एत्का, अगं, बोल की!" लोकांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. मी आतून नुसती जळत होते.

पडदा पडला. मग सगळं नाटकघर एका ठेक्यात टाळ्या वाजवू लागलं. आमच्याकडे असा ठेका धरला की नटाला परत यावंच लागतं. तो आला आणि नाटक सुरू झालंय असं समजून पहिलं वाक्य म्हणू लागला. हशा! पडदा पाडला, तर पुन्हा ठेका, पुन्हा तेच पहिलं वाक्य.

तिकीट काढून बसलेली एत्का ओरडली, "बस करा! माणूस हरवलाय तिथं!" लोक तिलाही हसले. ती तडक रंगमंचावर चढली.

त्याचा चेहरा उजळला. "आलीस? पुढचं वाक्य काय गं?"

"संपलं, बाची. चला घरी."

त्याने मान डोलावली आणि प्रेक्षकांकडे वळून खणखणीत आवाजात म्हटलं, "संपलं, बाची. चला घरी!"

टाळ्या आणखी जोरात झाल्या.

मित्रांनो, कुणी म्हातारं माणूस बोलता बोलता अडलं, तर हसू नका. त्याला पुढचा शब्द सांगा. तो ठाऊक नसेल, तर निदान हात द्या. एवढ्या भरल्या नाटकघरात तो हात एकटी एत्काच देऊ शकली.