न बोलता विणलेली खुर्ची

मी एक टॅब बोलतो आहे. याचे तुम्हाला नवल वाटणे साहजिक आहे, कारण या घरात माझी ख्याती न बोलणारा म्हणूनच आहे.

सूनबाईंनी मला घेतले, तेव्हा त्या एका तक्रार केंद्रात नुकत्याच लागल्या होत्या. दिवसभर कानांना हेडफोन लावून अनोळखी माणसांचा संताप ऐकायचा आणि गोड आवाजात उत्तर द्यायचे, हे त्यांचे काम. संध्याकाळी घरी आल्या की त्या मला पाण्याच्या जगला टेकवून उभे करीत. माझ्या पडद्यावर कुणी लाकूड तासत असे, कुणी चाकावर माती फिरवीत असे. शब्द मात्र एकही नाही, फक्त रंध्याची सरसर. पाहता पाहता सूनबाईंचे आखडलेले खांदे खाली येत. ते खाली आणणे, हेच मी माझे जीवितकार्य मानले होते.

सासूबाईंना मात्र हे पाहवेना. त्या भाजी निवडताना भाजीशीही बोलतात. एके दिवशी सूनबाई मला घरी विसरून कामावर गेल्या, तेव्हा सासूबाईंनी मला पिशवीत घालून थेट दुरुस्तीच्या दुकानात नेले.

"याचा आवाज गेलाय. माणसं दिसतात, पण बोलत नाहीत."

दुकानदाराने मला उलटेसुलटे करून पाहिले. "मावशी, हा ठणठणीत आहे. ती माणसंच गप्प आहेत."

"गप्प? मग त्यांच्यात बघायचं काय?"

त्या संध्याकाळी त्यांनी सूनबाईंना गाठलेच. "तुला मुकी माणसं चालतात, आणि मी तोंड उघडलं की तुझं डोकं दुखतं. या घरात माझी अडगळ झालीय का? एकदाचं सांगून टाक."

सूनबाईंचे डोळे भरून आले. "अडगळ नाही हो, आई. दिवसभर ऐकून ऐकून कान इतके सोलवटतात, की तुमची हाक आली तरी वाटतं, आता कुणीतरी ओरडणार."

सासूबाईंनी हातातली भाजी बाजूला ठेवली. मग पदर खोचून म्हणाल्या, "मग घाल मलाही त्या मुक्यांत. मी वेताची खुर्ची विणते, तू व्हिडिओ काढ. एक अक्षर बोलणार नाही."

"अगं, तू झोपेतही बोलतेस!" सासरे वर्तमानपत्रामागून म्हणाले.

पहिला प्रयत्न "सरळ हो, मेले!" या, वेताच्या पट्टीला उद्देशून काढलेल्या उद्गारावर संपला. दुसऱ्यात खुर्ची जवळजवळ विणून होत आली होती, तोच कुकरची शिट्टी झाली आणि सासूबाई ओरडल्या, "अगं, गॅस!" झाले. सासूबाईंनी सगळी वीण उसवली.

तिसऱ्या वेळी मी श्वास रोखून उभा होतो. ओल्या पट्ट्या आडव्या गेल्या, उभ्या गेल्या, तिरक्या शिरल्या. एक पट्टी मध्येच कडकन तुटली. सासूबाईंचे ओठ थरथरले, पण मिटलेलेच राहिले. सासऱ्यांनी मुद्दाम विचारले, "चहा मिळेल का?" उत्तरादाखल त्यांनी असा काही कटाक्ष टाकला, की तो माझ्या काचेतूनही भाजावा. माझी बॅटरी लाल झाली होती. तरी मी तग धरला. शेवटची गाठ बसली. सासूबाईंनी खुर्ची थोपटली, तिच्यावर ऐसपैस बसल्या आणि एखादा गड सर केल्यासारख्या माझ्याकडे पाहत राहिल्या. सासरे वर्तमानपत्र टाकून उठले आणि त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या!

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी मला जगला टेकवले आणि तोच व्हिडिओ लावला. खांदे खाली आले. पूर्वी कधी आले नव्हते इतके. मग त्यांनी मला टेबलावर पालथे ठेवले आणि हाक मारली, "आई, या ना इकडे. ती पट्टी तुटली तेव्हा मनात काय म्हणालात?"

"काय म्हटलं? सांगते की! आधी ती खुर्ची ओढ इकडे."

तेव्हापासून रोज संध्याकाळी माझे काम झाले की मी असा पालथा असतो. वर सासूबाईंचे बोलणे चालू असते, आणि मधूनमधून सूनबाई खळखळून हसतात. तुमच्या घरीही माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला हा मान जरूर द्या. काम फत्ते झाल्यावर पालथे पडून राहण्यात जे सुख आहे, ते उभे राहून मला कधीच मिळाले नव्हते.