एवारिस्तोचा नववा दिवस

एवारिस्तो ओल्मेदो पडद्यावर सतरा वेळा मेला होता. कधी गोळी, कधी फास, कधी दरीत पडून. मेक्सिकन माणसाला शेवटच्या रिळापर्यंत जिवंत ठेवायची हॉलिवूडला तेव्हा सवयच नव्हती. नाव झालं, पोस्टरवर चेहरा आला, पण मरण काही चुकलं नाही.

बॉइल हाइट्स या मेक्सिकन वस्तीत राहणारी त्याची आई, जिला सगळे मानानं दोन्या कूका म्हणत, हे सगळं फार मनावर घ्यायची. मरणाला पोराच्या घराची वाट सापडू नये म्हणून प्रत्येक सिनेमानंतर ती खऱ्या मयतासारखी सलग नऊ दिवस संध्याकाळी घरात रोझरी, म्हणजे माळेवरचा जप, म्हणवून घेई. शेजारणी येत, प्रार्थना म्हणत, गोड पाव अन् कॉफी घेत. नवव्या दिवशी घरचं माणूस हजर हवंच, म्हणून एवारिस्तो शूटिंग टाकून येई. बायका म्हणत, "आलं बाई मयत. खुर्ची द्या त्याला."

या वेळी मात्र त्यानं निर्मात्याशी भांडून भूमिका मिळवली होती. नायक, तोही शेवटपर्यंत जिवंत. सिनेमा लागला त्या पहिल्याच दुपारी त्यानं आईला थिएटरात नेलं. एकदा तिनं हे पाहावं आणि शाबास म्हणावं, यासाठी त्याचा जीव तुटत होता.

नायक घोड्यावर बसून डोंगराकडे निघून गेला. थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. आई पर्स घट्ट धरून बसून राहिली.

घरी आल्यावर तिनं फळीवरचं कॉफीचं मोठं भांडं काढलं आणि परत जागेवर ठेवून दिलं.

"आवडलं नाही का गं आई?"

"छान होतं की. देवानं वाचवलं तुला."

"मग तोंड का उतरलंय?"

"मरायचास तेव्हा नवव्या दिवशी घरी तरी यायचास," ती म्हणाली. "आता कुठल्या निमित्तानं बोलावू?"

एवारिस्तोनं मनात हिशेब केला. इतक्या वर्षांत तो सतरा संध्याकाळी या घरात बसला होता, त्याही घड्याळाकडे बघत. त्याला स्वतःची लाज वाटली.

दारात स्टुडिओची गाडी थांबली होती. त्यानं ती परत पाठवली आणि कुंपणावरून शेजारच्या दोन्या चोलेला हाक मारली.

"आज संध्याकाळी रोझरी आहे. या."

"अगं बाई. कोण गेलं?"

"मीच," तो म्हणाला. "पण या खेपेला पहिल्या दिवसापासून हजर आहे."