नाव नाही तर थेंब नाही

"सॅम्पल माझंच घ्या. गॅरंटी देत्ये, एकच रेघ येणार!" स्वप्ना सिस्टरने लघवीची बाटली जमलेल्या आशाताईंसमोर अशी ठेवली, जशी काही बक्षिसाची ढाल.

पावसजवळच्या आरोग्य केंद्रात कुटुंब नियोजन शिकवणारी ही बाई. जिल्ह्याच्या ट्रेनरपदासाठी तिचं नाव गेलं होतं. आजच्या गर्भचाचणीच्या प्रात्यक्षिकाचा फोटो जिल्ह्याच्या ग्रुपवर गेला की नेमणूक पक्की. डॉक्टर राजश्री मॅडम मुद्दाम बघायला येऊन बसल्या होत्या.

"आधी किटवर नाव. नाव नाही तर थेंब नाही," सिस्टरने सगळ्यांना दटावलं, मार्करने ठळक 'स्वप्ना' लिहिलं आणि थेंब सोडले.

तांबी ही दुसऱ्यांना बसवायची वस्तू, असं तिचं ठाम मत. स्वतःचं काम ती बोटांवर दिवस मोजून भागवी. नवरा महेंद्र बोटीवर कामाला. गेल्या महिन्यात सुट्टीवर आला आणि सिस्टरची बोटं चुकली. कपाटात निरोधचा खोका होता, पण रिकामा. शेवटचं पाकीट लांज्याच्या शिबिरात केळ्यावर चढवून झालं होतं.

पहिली रेघ उमटली. आशाताईंनी माना डोलावल्या. मग दुसरी उमटली, पहिलीपेक्षा जाड.

"किट खराब आहे!" सिस्टरने दुसरं फोडलं, नाव घातलं. तेही तसलंच खराब निघालं.

"सखारामचं घेऊन बघा," मॅडम म्हणाल्या.

अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर सखाराम, "मला काय व्हायचंय?" म्हणत बाटली भरून आला. त्याची रेघ एकच. म्हणजे किटं ठणठणीत होती.

मालन आशाताईला तिसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा सिस्टरने तिला चारचौघींत विचारलं होतं, "केळ्याला घालता येतं, नवऱ्याला नाही?" आज मालनने तोंडाला पदर लावला.

"ओ सिस्टर, केळं आणू?"

सगळ्याजणी फिदीफिदी हसल्या. मॅडम नाही हसल्या.

"काय गो हे? पोट पुढे घेऊन लोकांना शहाणपण शिकवायला जाणार तू? ट्रेनरचं विसर आता."

"मॅडम, निदान फोटो तरी जाऊ दे..."

"जायलाच हवा, केंद्राची अब्रू आहे. पण बाईचं निगेटिव्ह पाहिजे, सखारामचं काय दाखवायचं? माझं घे. सत्तेचाळीस वर्षांची आहे मी. तीन महिने झाले, पाळी गेली ती गेलीच. सुटले एकदाची." मॅडमनी स्वतःच्या हाताने नाव लिहिलं. "मालन, रेघ उमटली की लगेच फोटो काढ आणि टाक ग्रुपवर. मला विचारत बसू नकोस."

मालनने विचारलं नाही. रेघा उमटल्यावर तिने चारही किटं ओळीने मांडली, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. निगेटिव्ह एकटा सखाराम होता. नावं स्पष्ट वाचता येत होती.