तांबडीच्या आधीची मी

मी हॅरॉल्डची पहिली गिटार. पोस्टरवर त्याच्या गळ्यात दिसते ती तांबडी माझ्यानंतर आली, हे आधीच सांगून ठेवते.

इंग्लंडमधल्या लहानशा पबांत तो ब्लूज गायचा, तेव्हा मीच होते. खर्जातला, घासलेला आवाज. अंगठ्याने ठेका धरायचा, करंगळीत काचेची नळी घालून माझ्या तारांवरून घसरवायचा. आणि एक खोड: ओळीचे शेवटचे शब्द गायचेच नाहीत. ते मी म्हणायचे.

मग मोठी सभागृहं आली आणि विजेवर ओरडणारी तांबडी आली. सिंगापूरच्या एका दौऱ्यात त्याने मला दुकानात विकलं. तिला म्हणे विमानात शेजारची सीट!

हॅरॉल्डची म्हणूनच मला निशिकांतने घेतलं. मूळचा पुण्याचा, इथे सिंगापुरात बँकेत. बिशान भागातल्या फ्लॅटमध्ये ऑफिसातून आला की हॅरॉल्डसारखं वाजवायला बसतो. प्रेमाने वाजवतो, पण ओळ पुरी गाऊन टाकतो. मला काही उरत नाही.

यंदा हॅरॉल्डचा निरोपाचा कार्यक्रम इथे ठरला. निशिकांतने त्याला माझा फोटो पाठवला. उत्तर आलं, 'आवाज शाबूत असेल तर शेवटचं गाणं तिच्यावरच.' तांबडीला हे कळलं असेल का, याच विचारात मी सुखावले.

कार्यक्रमाच्या दिवशी खंडेनवमी होती. निशिकांतने सकाळी मला हॅरॉल्डच्या पद्धतीने सुरात लावलं आणि दरवर्षीसारखं पूजेत मांडलं. हळदकुंकू, झेंडू. दुपारी हॅरॉल्ड आला. हातात गिटारची पेटी, पेटीत ती तांबडी. त्याने मला उचलायला हात पुढे केला, तशी निशिकांतची लेक जाई सिंगापुरी ढंगात ओरडली, "नो टचिंग, ला! आई स्कोल्ड करेल!"

"पूजेतली वस्तू हलवत नाहीत. उद्या दसरा झाला की खुशाल न्या," तिची आई मेधा म्हणाली.

"अगं, कार्यक्रम आज आहे!"

"मग मांडलीस कशाला? आणि तांबडी आहेच की त्यांच्याकडे."

निशिकांतने कपाळाला हात लावला. मी झेंडूसकट जळत होते.

हॅरॉल्डने निशिकांतकडून सगळं समजून घेतलं. धडपडत माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि हळू एक ओळ गायला. शेवटचे शब्द सोडले. थांबला.

मला कुणी हात लावला नव्हता. त्याच्या आवाजानेच माझी खर्जाची तार थरथरली, बारीक गुणगुणली. पेटीतली गप्प.

"अजून आठवतं हिला," तो म्हणाला.

मग तो तांबडीला घेऊन गेला. टाळ्या तिलाच मिळाल्या असतील. घेऊ दे.

निशिकांत, एकच मागणं. उद्या मला पूजेतून उचललंस की ओळीचा शेवट गाऊ नकोस. तो माझा आहे.