शनिवारचा खोकला

"तोंड उघडा," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

ड्रायव्हरकाका नुकतेच घरात शिरले होते. एका पायातला बूट अजून निघायचा होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि उगाच वाद नको म्हणून तोंड उघडलं. बाईंनी नाक पुढे केलं. चहा, बाकी काही नाही. मग त्यांनी शर्टाची कॉलर हुंगली. तिथे मात्र सिगारेट होती.

"टपरीवर सगळेच ओढतात," काका म्हणाले. "शर्टाला काही नाक दाबून धरता येत नाही."

"आणि तुम्हाला येतं?"

"मी ओढत नाही, अगं. सोडली ती सोडली."

काका टॉवेल घेऊन आंघोळीला गेले. बाहेर आले ते खोकतच. दिवेलागणीला त्यांना हुडहुडी भरली, अंग तापलं, छातीवर कुणी गोणी ठेवल्यासारखा श्वास जड झाला. रात्रभर कण्हले आणि सकाळी उठून, काही झालंच नाही अशा थाटात पेपर वाचत बसले.

बाईंनी मनाशी नोंद घेतली: याही शनिवारी.

त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली होती. कानाला यंत्र लावून, वायरी या भोकातून त्या भोकात खुपसत त्यांनी अर्ध्या गावाची बोलणी जोडून दिली होती. 'साहेब घरी नाहीत' असं साहेबच आवाज बदलून सांगत असले तर ते त्यांना पहिल्या श्वासालाच कळायचं. त्या कानाचा त्यांना अभिमान होता, आणि काकांच्या बाबतीत त्या कानाने पूर्वी दगाही दिला नव्हता. बसवर असताना काका सर्रास ओढायचे आणि घरी सपशेल नाही म्हणायचे. एकदा छत्रीच्या घडीतून पाकीट खाली पडलं. एकदा टॉर्चमध्ये सेलच्या जागी सिगारेटी निघाल्या. रिटायर होताना डॉक्टरांनी दम भरला, तेव्हा त्यांनी बाईंच्या हातावर हात ठेवून शब्द दिला आणि त्यानंतर बाईंना घरात काहीही सापडलं नव्हतं. सापडलं नाही याचा अर्थ बाईंच्या लेखी एवढाच होता, की माणूस हुशार झाला.

आता हा खोकला. आठवडाभर माणूस ठणठणीत. शनिवारी जुन्या ड्रायव्हरांच्या बैठकीला डेपोजवळच्या टपरीवर जाऊन आला, की संध्याकाळी आडवा.

"दुसरं काय असणार?" त्यांनी खालच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंना जिन्यात गाठून विचारलं.

"पुरुषांची जात," शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या. दोन दिवसांत साऱ्या इमारतीला कळलं, की ड्रायव्हरकाकांनी पुन्हा सुरू केली.

शनिवार हा बाईंचाही कामाचा दिवस होता. काका टपरीवर गेले की त्या बाथरूम हातात घ्यायच्या. मुलीने हट्टाने नव्या फरश्या बसवून दिल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, त्यांत राखाडी रेघा. फरशीवाल्याने सोबत एक स्प्रेचा डबा दिला होता. तो मारला की भिंतीवर पाणी ठरायचंच नाही, मोती होऊन ओघळायचं. सहा महिन्यांतून एकदा मारा, असं तो म्हणाला होता. बाईंनी मनात म्हटलं, याच्या घरी कोण घासतं ते दिसतंच आहे, आणि दर शनिवारी मारायला सुरुवात केली. डबा संपला की दुसरा आणायच्या. भिंती घासून, पुसून कोरड्या करायच्या, नाकाला रुमाल बांधायचा, दारात उभं राहून फस्सकन मारायचा, आणि धूळ बसू नये म्हणून खिडकी-दार गच्च लावून घ्यायचं. त्यांचाही घसा नंतर खवखवायचा. नवऱ्याच्या कपड्यांतला धूर आपल्यालाही बाधतोय, हे त्यांचं त्यावरचं निदान होतं.

पुढच्या शनिवारी त्यांनी फर्मान काढलं. "आज टपरी नाही."

"बरं," काका म्हणाले.

त्यांच्या इतक्या सहज 'बरं' म्हणण्याचाही बाईंना संशय आला. दिवसभर त्यांनी काकांना नजरेआड होऊ दिलं नाही. बाथरूम आवरून स्प्रे मारतानासुद्धा अधूनमधून मान वळवून पाहत होत्या. काका खुर्चीत बसून रेडिओचं मागचं झाकण उघडून काहीतरी खाटखुट करत होते. थोड्या वेळाने उठून आंघोळीला गेले.

आतून खोकला ऐकू आला. कोरडा, लागोपाठ, दम न घेऊ देणारा.

बाईंनी हातातलं फडकं टाकलं. म्हणजे बाथरूममध्ये ओढतात. आपल्या नव्या बाथरूममध्ये.

काका टॉवेल गुंडाळून, भिंतीला धरत बाहेर आले. त्यांना वाट देऊन बाई आत घुसल्या. खिडकीची कड पाहिली, गरम पाण्याच्या टाकीवर हात फिरवला, बादली उलटी केली. फ्लशच्या टाकीचं झाकण उचलून बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"काय शोधतेस?" काका दारात उभे होते. ओठ निळसर झाले होते, पण बाईंचं लक्ष टाकीत होतं.

"तुम्हाला माहीत आहे."

टाकीतलं पाणी डुबुक डुबुक वाजत होतं.

"ओढतो," ते म्हणाले. "ओढतो मी. काढ तो हात बाहेर."

बाईंनी हात बाहेर काढला. एवढं सगळं खरं ठरलं होतं, तरी हायसं वाटेना. त्या आवाजात काहीतरी खटकलं होतं. पण जे हवे होते ते शब्द मिळाले होते, म्हणून त्यांनी कानाचं ऐकलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी त्यांनी फरश्या जास्तच रगडल्या. त्या धुराची पुटं चढली असणार, असं म्हणत स्प्रेही दोनदा मारला, वरपासून खालपर्यंत. काकांनी कढत पाणी सोडलं आणि दार लावून घेतलं. खोकला सुरू झाला, वाढला आणि मधेच थांबला. तो थांबलेला ऐकून बाई धावल्या. काका ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसले होते. तोंड उघडं होतं आणि श्वास आत जात नव्हता.

हॉस्पिटलात त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसवला. छातीच्या एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं धुक्यासारखी पांढुरकी दिसत होती. डॉक्टर मुलगी होती, बाईंच्या मुलीच्या वयाची.

"सिगारेट ओढतात?"

"हो. त्यांनीच कबूल केलंय."

"सिगारेटने असं एकाएकी होत नाही, काकू. आज काय काय झालं ते नीट सांगा."

बाई सांगायला तयारच होत्या. कितीतरी आठवडे त्या हेच गोळा करत होत्या. "दर शनिवारी होतं. इतर दिवशी नाही. आंघोळीला जाईपर्यंत चांगले असतात. बाथरूममध्येच ओढतात. टपरीवर गेले नाहीत तरीही झालं, म्हणजे बाथरूममध्येच."

"तुम्ही धूर पाहिलात?"

"नाही."

"वास? बंद खोलीत वास राहतोच."

"वास कसा येणार?" बाई म्हणाल्या. "आत माझ्या स्प्रेचाच वास कोंडलेला अस–"

वाक्य तिथेच राहिलं. डॉक्टरने लिहिणं थांबवून वर पाहिलं.

"कसला स्प्रे?"

बाईंनी सांगितलं. त्यांचा आवाज त्यांनाच लांबच्या लाइनवरून आल्यासारखा वाटत होता. दर शनिवारी. खिडकी लावून. आज दोनदा.

डॉक्टर आवाज न चढवता समजावून सांगू लागली. असल्या स्प्रेचे थेंब फार बारीक असतात. बंद खोलीत ते हवेतच तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर थेट खोल फुप्फुसात उतरतात. फुप्फुसातले बारीक फुगे उघडे राहावेत म्हणून आतून एक पातळ थर असतो. पाण्याला हटवणारं ते रसायन नेमका तोच थर बिघडवतं. काही तासांनी थंडी-ताप येतो, दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. नाकाला बांधलेल्या रुमालाचा काही उपयोग नाही.

"डबा आणून दाखवा. आणि घरातल्या खिडक्या उघडा," ती म्हणाली. "बहुतेक माणसं यातून बरी होतात. यांची फुप्फुसं जुनी, आधीच थकलेली आहेत. बघू."

मास्क निघायला बरेच दिवस लागले. तो निघाल्यावर बाई पलंगाशी स्टूल ओढून बसल्या. काय विचारायचं ते पाठ करून आल्या होत्या, पण तोंडून वेगळंच निघालं.

"मग हो कशाला म्हणालात?"

काकांनी दम घेतला. आता प्रत्येक वाक्याआधी तो घ्यावा लागत होता.

"तू त्या टाकीत हात घालून बसली होतीस," ते म्हणाले. "म्हटलं, सापडू दे एकदाचं काहीतरी तुला."

ते चिडून बोलले असते तर बाईंना सोपं गेलं असतं. त्या चादरीची घडी सरळ करत राहिल्या. ती सरळच होती.

काका घरी आले, पण पूर्वीचे काका आले नाहीत. डॉक्टरने सांगितलं, इतकं भरून आलं, यापुढे फारसं येईल असं वाटत नाही. टपरी लांब पडू लागली. बाजारच्या पिशव्या बाईंकडे आल्या.

एका दुपारी तपासणीहून परतताना दोघं जिना चढत होते. वळणावर काकांनी कठडा धरला आणि पायरीवर बसले. बाईही पिशवी ठेवून त्यांच्या शेजारी टेकल्या. वरून शिकवणीवाल्या बाई उतरत होत्या. त्या थबकल्या.

"फारच दम लागतो का हो?" त्यांनी विचारलं, आणि मग आवाज खाली आणून, काका तिथे नसल्यासारखं, बाईंना म्हणाल्या, "शेवटी सिगारेटने घातच केला म्हणायचा."

"नाही," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "त्यांनी केव्हाच सोडली होती. ते मला सांगत होते." त्या जरा थांबल्या. "मी बाथरूममध्ये स्प्रे मारायचे, त्याने झालं. इमारतीत सगळ्यांना तुम्हीच सांगा. मी सांगितलेलं तुम्हीच पोचवलं होतंत."

शिकवणीवाल्या बाई पायरीवर तशाच अवघडून उभ्या राहिल्या.

"त्यांना जाऊ दे, अगं," काका म्हणाले. "वाट अडवून बसलोय आपण."

ते सरकून भिंतीला टेकले. बाईही त्यांच्या बाजूला सरकल्या आणि गुडघे जवळ घेतले. शिकवणीवाल्या बाई अंग चोरून खाली उतरून गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज विरल्यावर जिन्यात काकांचा श्वास तेवढा ऐकू येत राहिला. आत जाताना अडखळणारा, बाहेर येताना बारीक शीळ घालणारा. बाई समोरच्या भिंतीकडे पाहत तो ऐकत बसल्या. उठायची घाई त्यांनी केली नाही.