ॲपमधली ताई

नववीपर्यंत अपेक्षा वर्गात "हजर" म्हणतानासुद्धा अडखळायची. मग भीमजयंतीला गल्लीतल्या स्टेजवर कुणीतरी तिच्या हातात माईक कोंबला आणि काय सांगावं, धरणाचं दारच उघडलं! म्हाताऱ्या बाया पदरानं डोळे पुसायला लागल्या. बुद्धभूषणकाका डीजेवाल्यावर खेकसले, "बंद कर बे, पोरगी बोलायली!"

तेव्हापासून सगळ्या उस्मानपुऱ्यात तिच्या आवाजाचा बोलबाला. म्हणून तर धाकट्या बहिणीच्या, निशाच्या शिकवणीचे हिमांशू सर स्वतः घरी आले. "आमच्या ॲपमध्ये मुलांशी बोलणारी एक ताई हवीय. आवाज अपेक्षाचाच घेऊ."

अपेक्षा हवेत! सरांच्या गारेगार खोलीत बसून तिनं गोष्टी वाचल्या, कविता वाचल्या, हसून दाखवलं, रागावूनही दाखवलं. पप्पा, म्हणजे साहेबराव, वाळूजच्या कंपनीच्या बसमध्ये लटकत उभे होते तेव्हा क्लासमधून फोन आला, "काका, ओटीपी आला असेल, तेवढा सांगा." त्यांनी सांगितला. पोरीचं कौतुक होतंय, त्यात विचारायचं काय? उलट शेजारच्यालाच म्हणाले, "माझी पोरगी आता मोबाइलमधून शिकवणार हाय."

दिवाळीनंतर निशा गप्प झाली. चौथीतली पोर, दिवसभर टिवटिव करणारी, ती ताटात भाकरी कुस्करत बसायला लागली. अपेक्षानं जवळ घेतलं की उठून जायची. एका संध्याकाळी अपेक्षा गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली, तर पाण्याच्या टाकीमागून तिचाच आवाज आला.

"निशा, तू फार मागे पडलीस. पप्पा दिवसभर मशीनपुढे उभे असतात, त्यांचे पाय सुजतात. तुला लाज नाही वाटत? पप्पांना सांग, स्पेशल बॅच लावा म्हणून."

टाकीमागं निशा मोबाइल धरून बसली होती. पप्पांचे पाय सुजतात हे मोबाइलला कुणी सांगितलं? निशानंच. ताई समजून सगळं मन मोकळं करून बसली होती येडी.

"निशे, हे मी नाय बोलले गं!"

"आवाज तर तुझाच हाय," निशा खाली बघत म्हणाली. "चिडलीस की तू अशीच बोलतीस."

दुसऱ्या दिवशी पप्पांनी सुट्टी टाकली आणि दोघी पोरींना घेऊन क्लास गाठला. सरांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं.

"अपेक्षा, हे वाक्य तू बोललीस का?"

"नाय!"

"मग ते तुझं कसं? वाक्यं ॲप स्वतः तयार करतं. आणि साहेबराव, संमती तुमचीच आहे. ओटीपी दिला होता ना?"

"सर, मला वाटलं, बक्षीस-बिक्षीस असंल..."

"मुलांचे मार्क तर बघा. ताईचं ऐकतात मुलं."

पप्पांची मान खाली गेली. ती काही अपेक्षाला बघवेना.

"पप्पा, तुम्ही कशापायी खाली बघायले? सर, लेकरं हायत ती! तुमच्या ॲपपाशी घरातलं रडगाणं सांगतात, अन् तुम्ही त्याच्यावर बॅच विकता? बंद करा ते!"

स्टेजवर तापलेला आवाज तो, काचेचं दार काय अडवणार! पलीकडच्या खोलीतली पोरांची कुजबुज फटकन थांबली. सगळी डोकी वह्यांत घुसली. एक चिमुरडी तेवढी उभी राहिली.

"ताई, करते ना मी अभ्यास. मम्मीला नको ना सांगू."

अपेक्षा दार ढकलून आत गेली आणि तिच्यापुढं गुडघ्यांवर बसली. "अगं, ती मी नाय. मशीन हाय ती. मी खरी ताई."

"ती पण असंच म्हणती," चिमुरडी म्हणाली. "मीच खरी ताई, मला सगळं सांग, असं."

सर हसले नाहीत, एवढाच त्यांचा चांगुलपणा. "बघा, मुलं घाबरली," ते पप्पांना म्हणाले. "तिला जरा बाहेर घेता का?"

बाहेर पप्पांनी गाडीला किक मारली. निशा एरवी ताईच्या कमरेला घट्ट मिठी मारून मागं बसायची. आज ती पुढं पेट्रोलच्या टाकीवर चढली, पप्पांच्या दोन हातांच्या मधी. अपेक्षा एकटीच मागं बसली. घर येईस्तोवर तिच्या ओठांवर कितीतरी वाक्यं आली. एकही तिनं बाहेर पडू दिलं नाही. निशाला ऐकू गेलं असतं.