हुंकाऱ्याची जागा

राळेचा वास आला की मला डोमाजी आठवतात. पौषातली कोवळी उन्हं शाळेच्या मागच्या ओट्यावर उतरलेली असत, पलीकडच्या शेतातून तुरीच्या मळणीची धूळ तरंगत येई, आणि त्या पिवळसर उजेडात भिंतीला पाठ टेकून हा माणूस गजाच्या केसांना राळ चोळत बसलेला असे. मग किंगरी छातीशी घ्यायची, गज आडवा ओढायचा, आणि घोड्याच्या केसांच्या त्या तीन तारांतून जो स्वर उमटे त्याला गोड म्हणायची माझी हिंमत नाही. खरखरीत होता तो, मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या आवाजासारखा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी चक्क नाक मुरडलं होतं, हे आधीच कबूल केलेलं बरं.

आर्णीच्या त्या शाळेत मी संगीत शिकवत होते आणि डोमाजी तिथे शिपाई होते. पेटीवर माझी बोटं बरी चालत, दोन परीक्षा दिलेल्या, तेवढ्या भांडवलावर मान ताठ. डोमाजी प्रधान समाजाचे. गोंडांच्या कुळांची आणि त्यांच्या देवांची कथा किंगरीवर गाणं हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. बोलणं वऱ्हाडी, पण गाणं गोंडीत. मला त्यातला एक शब्द कळत नसे. तरीही हळूहळू मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन त्या ओट्याच्या पायरीवर बसू लागले आणि पोळीचा घास हातातच राहू लागला.

वाजवताना त्यांचा चेहरा दर कडव्याला वेगळाच होई. वृक्षाची साल सोलावी तसं त्या चेहऱ्यावरचं शिपाईपण, साहेबांसमोरचं अदबीचं वाकणं, वयाचा शीण, सगळं एकेक करून गळून पडे, आणि आत जो कोणी उरे त्याच्यासमोर मीच नकळत पाय आवरून बसत असे. गज थांबला तरी त्यांची बोटं काही क्षण तारांवर तशीच थरथरत राहत. मग ते उठून तासाची घंटा वाजवायला जात.

त्यांना एकच घोर होता. वडिलांकडून आलेली ती कथा पूर्ण गायला तीन दिवस लागत आणि ती शिकलेलं घरात दुसरं कोणी नव्हतं. एक मुलगा पुण्यात कंपनीत, दुसरा दिग्रसला जिनिंगमध्ये. मी मोबाईलवर टिपून घेऊ म्हटलं, तर ते हसले. “या फोनमंधी सारं कुळ बसत नाही जी. तुकड्या-तुकड्यानं देव भरत नाही.” आणि त्याच वर्षी आर्णीत जुन्या तंतुवाद्यांची स्पर्धा जाहीर झाली. जो पहिला येईल त्याची संपूर्ण कथा नागपुरात तीन दिवस बसवून ध्वनिमुद्रित करणार होते. “बापाचा आवाज तं गेला, मॅडम,” डोमाजी म्हणाले, “पन त्याची कथा राहीन.” त्या हिवाळ्यात त्यांच्या तारांना विसावा म्हणून मिळाला नाही.

स्पर्धेत वेळ बघायचं काम माझ्याकडे होतं. समोर घड्याळ, हाताशी घंटा, आणि नियमांचा कागद, जो सकाळी मीच ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवला होता: प्रत्येकाला आठ मिनिटं, आणि दुसऱ्याला साथ करील तो स्पर्धक बाद. एकतारी झाली, तुणतुणं झालं, एक सारंगीही झाली. किंगरीवाले दोघंच होते. आधी डोमाजी बसले, आणि मांडवाच्या फटींतून आलेला उन्हाचा पट्टा त्यांच्या गजावरून पुढेमागे सरकत असताना तिन्ही परीक्षकांनी लेखण्या खाली ठेवल्या. मी इतकी वर्षं ऐकलेलं वादन, पण त्या दिवशी माझ्याही अंगावर काटा आला. पहिला नंबर कोणाचा, हे शेंगदाणे विकणाऱ्यालासुद्धा कळलं असावं.

मग फुलसावंगीकडचे रायभानजी आले. सत्तरीच्या पुढचे, काटकुळे, डोक्याला पांढरं मुंडासं. त्यांची कथा दुसऱ्या कुळाची, पण डोमाजींच्या लहानपणापासून ऐकण्यातली. कथा गाणाऱ्याला प्रत्येक वळणावर शेजारच्यानं ‘हाव’ म्हणून हुंकारा द्यायचा, ही या गाण्याची जुनी रीत. ज्याला ती कथा ठाऊक आहे त्यानंच तो द्यायचा, कारण हुंकारा देणारा कथेचा साक्षीदार असतो. डोमाजी वर्षानुवर्षं एकटेच वाजवत आलेले, म्हणून आपला हुंकारा आपणच भरायची सवय त्यांनी लावून घेतली होती. रायभानजींना मात्र चाळीस वर्षं त्यांच्या धाकट्या भावानं हुंकारा दिला होता, आणि तो भाऊ त्याच पावसाळ्यात वारला होता. पहिलं वळण आलं. म्हातारा थांबला. सवयीनं मान डावीकडे वळली, तिथे मोकळी सतरंजी होती, आणि गज हवेत तसाच राहिला.

लोकांना वाटलं, विसरले. कोणीतरी टाळी वाजवून धीर दिला. घड्याळाचा काटा आपला चालूच. तेवढ्यात डोमाजी उठले, माझ्या टेबलाशी आले आणि आपली किंगरी त्यांनी नियमांच्या त्या कागदावर अलगद ठेवली.

“डोमाजीभाऊ, बाद व्हाल,” मी दबक्या आवाजात म्हणाले.

“मालूम हाय जी. पन कथा अर्ध्यात सोडली तं देव तिथंच अडकून राह्यते.”

ते जाऊन रायभानजींच्या डावीकडे मांडी घालून बसले आणि म्हणाले, “हाव.” एवढंच. गज तारांवर टेकला. त्यानंतर जे झालं त्याला स्पर्धा म्हणता येणार नाही. म्हाताऱ्याच्या स्वरात मृत भावाचा शोक होता, कुळाच्या देवांचं गांभीर्य होतं, आणि दर वळणावर डोमाजींचा तो बारीक, निःशंक होकार. आठ मिनिटं कधीच उलटली होती. घंटा माझ्या हाताशी होती, मी तिला हात लावला नाही आणि मला कोणी विचारलंही नाही.

रायभानजी पहिले आले. डोमाजींच्या नावापुढे ‘बाद’ हा शब्द मी माझ्या हातानं लिहिला, आणि लिहिताना मला रडू आलं. असं काहून केलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, “म्या काय केलं? हाव म्हनलं फक्त.” बस स्टँडवर रायभानजी त्यांचा हात सोडेनात. “नागपुरात कोन म्हनीन रे? तिथं तं एकट्यालेच बलावलं.”

“तू वळनावर थांबत जाय, बाबा. म्या इथून म्हनीन.”

मला ते समजूत घालणं वाटलं. पण ध्वनिमुद्रणाच्या दिवसांत डोमाजींनी तीन दिवसांची रजा टाकली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तर अंगणातल्या निंबाखाली ते डोळे मिटून बसलेले, कवडसे अंगावर हलताहेत, ओठ पुटपुटताहेत, आणि थोड्या थोड्या वेळानं स्पष्ट आवाजात “हाव.” त्यांची बायको दारातून म्हणाली, “कालपासून असंच करून राह्यले. जेवाले बी दुपारी उठले फक्त.” नागपुरातल्या गजाशी त्यांचं जुळत होतं की नाही, मला कसं कळणार? मी चपला काढून उभी राहिले.

काही महिन्यांनी ते ध्वनिमुद्रण माझ्याकडे आलं. डोमाजींना ओट्यावर बसवून ऐकवलं. दर वळणावर रायभानजी थांबत होते, एक श्वासभर, आणि पुढे निघत होते. डोमाजी गप्प. मी म्हटलं, “आता का नाही म्हणत?” ते म्हणाले, “म्हनलं नं तवाच.”

डोमाजींना जाऊन आता दोन पावसाळे झाले. त्यांच्या बापाची कथा कुठल्याच यंत्रात नाही, ती त्यांच्यासोबत गेली, आणि याचं दुःख मला अजून होतं. कधी एकटी असले की मी रायभानजींचं ते ध्वनिमुद्रण लावते. वळण येतं, गज थांबतो, काळ त्या एका श्वासापुरता माझ्या खोलीत उभा राहतो, आणि माझ्या ओठांशी तो शब्द येतो. मी तो उच्चारत नाही. ऐकणाऱ्याला तिथं काहीच ऐकू येत नाही, पण ती जागा मोकळी नाही.